शैक्षणिक संशोधनातील सहभागींचे संरक्षण : ‘ना हरकत’ आणि ‘संमती’ यांतील अंतर

बीजसंज्ञा : सहभागी, माहितीपूर्ण संमती, बालकाचा होकार, गोपनीयता, नियंत्रित गट, संशोधन नीती समिती

प्रास्ताविक

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे २००९ च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाने हेच तत्त्व संपूर्ण देशाला लागू झाले आणि १ एप्रिल २०१० पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या दोन्ही कायद्यांनी मुलाला शाळेच्या वर्गात आणून बसविले. तथापि त्या वर्गात येणाऱ्या संशोधकाची प्रश्नावली भरून देणे हे मात्र कोणत्याही कायद्याने मुलावर बंधनकारक केलेले नाही. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर व पीएच. डी. संशोधनात हा साधा भेद फारसा लक्षात घेतला जात नाही. वर्गात उपस्थित असलेला विद्यार्थी हा आपोआप ‘नमुना’ ठरतो. त्याने नाही म्हणण्याची शक्यता संशोधन आराखड्यात गृहीतच धरलेली नसते.

वैद्यकीय संशोधनातील रुग्ण निदान स्वतःच्या पायाने रुग्णालयात आलेला असतो व उठून जाऊही शकतो. इयत्ता सहावीच्या तिसऱ्या तासिकेला बसलेला मुलगा उठून जाऊ शकत नाही. समोर प्रश्नपत्रिकेसारखाच दिसणारा कागद येतो, तो वाटणाऱ्या व्यक्तीसोबत वर्गशिक्षक उभे असतात आणि ‘सर्वांनी नीट भरा’ अशी सूचना होते. अशा वेळी मुलाने दिलेला प्रतिसाद स्वेच्छेचा मानावा काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्या अनुषंगाने संमती, गोपनीयता, नियंत्रित गटाला मिळणारी वागणूक आणि महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोगी व्यवस्था यांचा येथे विचार केला आहे.

‘प्रयुक्त’ ते ‘सहभागी’

मराठीतील प्रायोगिक मानसशास्त्राच्या पुस्तकांनी ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याला ‘प्रयुक्त’ हा शब्द रूढ केला. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्याचा अर्थच ‘ज्याचा प्रयोग केला गेला तो’ असा होतो. सर्वेक्षणात त्याच व्यक्तीला ‘प्रतिसादक’ किंवा ‘उत्तरदाता’ म्हटले जाते आणि संख्याशास्त्राच्या प्रकरणात तिचा ‘नमुना’ होतो. या शब्दांमागील दृष्टी बदलण्यास जगभरच बराच काळ लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००० च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात माणूस हा संशोधनाचा ‘विषय’ होता. २००६ च्या सुधारित आवृत्तीत तो ‘सहभागी’ झाला. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात हा बदल होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. शब्द बदलल्याने वर्तन बदलतेच असे नाही, परंतु सहभागी म्हटल्यावर सहभाग नाकारण्याचा अधिकार त्याच्यासोबत येतो.

या विचाराची जडणघडण सर्वपरिचित आहे. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आली आणि स्वेच्छेची संमती ही पहिली अट ठरली. अमेरिकेतील टस्कगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे कृष्णवर्णीय रुग्णांना उपदंशावरील उपचारांपासून वंचित ठेवून निरीक्षण केले गेले. ते उघडकीस आल्यानंतर १९७९ चा बेलमाँट अहवाल तयार झाला. व्यक्तीविषयी आदर, हित आणि न्याय ही त्यातील तीन तत्त्वे आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. मात्र शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाला याहून जवळची दोन उदाहरणे आहेत आणि त्यांकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

पहिले उदाहरण १९३९ मधील, अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका अनाथालयाचे आहे. वेंडेल जॉन्सन या वाचादोषतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने तेथील २२ मुलांवर प्रयोग केला. अडखळत न बोलणाऱ्या काही मुलांना ‘तू अडखळतोस, तुझे बोलणे सदोष आहे’ असे वारंवार सांगण्यात आले. त्यांपैकी काही मुले बोलण्यास कचरू लागली. प्रबंधिका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा झाली आणि अनेक दशके तेथेच पडून राहिली. २००१ मध्ये वृत्तपत्रातून हे प्रकरण पुढे आले तेव्हा विद्यापीठाने जाहीर माफी मागितली आणि २००७ मध्ये राज्याने हयात सहभागी व मृतांचे वारस यांना मिळून ९,२५,००० डॉलर भरपाई दिली. हा कोणा क्रूर डॉक्टरचा उद्योग नव्हता, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. मार्गदर्शकाने मान्य केलेला, पदवीच्या अटी पूर्ण करणारा तो एक लघुशोधप्रबंध होता. अनाथालयातील मुलांच्या वतीने ‘नको’ म्हणणारे कोणी नव्हते, म्हणूनच ती मुले निवडली गेली.

दुसरे उदाहरण बी. एड्. च्या प्रत्येक वर्गात शिकविले जाते, पण ते नीतीच्या अंगाने क्वचितच शिकविले जाते. रोझेंथल व जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना सुमारे २० टक्के मुलांची नावे देऊन ही मुले यंदा बौद्धिक झेप घेतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात ती नावे यादृच्छिक पद्धतीने काढलेली होती. शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलाच्या प्रगतीवर परिणाम होतो हा निष्कर्ष गाजला. पुढे त्याच्या संख्याशास्त्रीय बाजूवर टीकाही झाली. निष्कर्ष कितपत टिकतो हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यातून एक गोष्ट निघते. संशोधकाने शिक्षकाच्या हाती दिलेली यादी ही निरुपद्रवी वस्तू नसते. बुद्धिमापन वा समायोजन चाचणी झाल्यावर ‘सौजन्य म्हणून’ मुख्याध्यापकांना मुलांच्या नावासह प्राप्तांक देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ज्या मुलाचा प्राप्तांक कमी आला, त्याच्याविषयी शाळेत पुढे काय बोलले जाते, याची नोंद कोणत्याही प्रबंधात नसते.

महाराष्ट्रातील प्रयत्न

सामाजिक शास्त्रांतील संशोधनासाठी भारतीय परिस्थितीला धरून नीतितत्त्वे मांडण्याचा महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला, हे अनेक अध्यापकांना माहीत नसते. मुंबईच्या ‘सेहत’ या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली व तिने २००० मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. इजा न करणे, हित साधणे, स्वायत्ततेचा आदर आणि न्याय या चार नैतिक तत्त्वांवर आधारित दहा सर्वसाधारण तत्त्वे त्यात आहेत. त्यांतील पहिलेच तत्त्व संशोधनाच्या आवश्यकतेविषयी आहे. उपलब्ध ज्ञानाचा पुरेसा आढावा घेतल्यानंतर हे संशोधन करणे खरोखर आवश्यक आहे काय, असे ते विचारते. ‘अमुक तालुक्यातील माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या अभ्याससवयींचा अभ्यास’ या धर्तीचे, तालुक्याचे नाव बदलून वर्षानुवर्षे होणारे लघुशोधप्रबंध या एकाच कसोटीवर तपासले तर काय आढळेल, हे सांगावयास नको. ज्या संशोधनातून नवे काही हाती येणार नाही त्यासाठी शंभर मुलांच्या दोन तासिका खर्च करणे हाही नीतीचाच प्रश्न आहे.

‘सेहत’च्या या तत्त्वांना कायद्याचे बळ नव्हते व त्यांचा रोख आरोग्यावर होता; त्यामुळे शिक्षणशास्त्र महाविद्यालयांपर्यंत ती पोहोचली नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच. डी. पूर्व अभ्यासक्रमात ‘संशोधन व प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा विषय अनिवार्य केला. परंतु त्याच्या सहा घटकांचा भर वाङ्मयचौर्य, नियतकालिकांची पारख, संदर्भ निर्देशांक अशा प्रकाशनविषयक बाबींवर आहे. परिणामी संशोधक विद्यार्थ्याला वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीतील टक्केवारी तोंडपाठ असते आणि अकरा वर्षांच्या मुलीला कसे विचारावे हे मात्र ठाऊक नसते.

परवानगी आणि संमती

कोल्हापूर, सांगली व सातारा या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील शाळांत माहिती संकलनासाठी जाणारा विद्यार्थी साधारणपणे तीन पत्रे सोबत नेतो : मार्गदर्शकाचे शिफारसपत्र, प्राचार्यांचे पत्र आणि शाळेने द्यावयाच्या दाखल्याचा मसुदा. मुख्याध्यापक शेरा मारतात, शिक्का उमटतो, प्रबंधाच्या परिशिष्टात तो दाखला जोडला जातो आणि नीतीची बाजू पूर्ण झाली असे समजले जाते. वास्तविक मुख्याध्यापकांनी दिलेली असते ती शाळेच्या आवारात प्रवेश करण्याची परवानगी. मुलाच्या वतीने संमती देण्याचा अधिकार त्याच्या पालकांचा आहे व सहभागी व्हावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार अखेरीस मुलाचा. या तीन गोष्टी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत.

शिक्षकाने वा अधीक्षकाने पालकाच्या ऐवजी सही केली तर काय होते, याचा धडा शेजारच्या राज्यातून घेता येतो. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात व गुजरातेत बडोदे जिल्ह्यात २००९ मध्ये १० ते १४ वयोगटातील मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा अभ्यास प्रकल्प सुरू झाला. खम्ममच्या मुलींपैकी अनेक जणी आदिवासी वसतिगृहांत राहत होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. मृत्यूंचा लसीशी थेट संबंध चौकशीत आढळला नाही. पण संमतीपत्रांची तपासणी झाली तेव्हा आंध्रातील ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृह अधीक्षकांच्या सह्या असल्याचे दिसून आले. २०१३ मध्ये संसदीय स्थायी समितीने या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. वसतिगृहाच्या अधीक्षकाला मुलीच्या जेवणाची व मुक्कामाची जबाबदारी दिलेली असते, तिच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. आश्रमशाळांतील व समाजकल्याण वसतिगृहांतील मुलांवर अभ्यास करणाऱ्या शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. लस टोचणे आणि प्रश्नावली देणे यांत धोक्याचे मोठे अंतर आहे हे खरे. सही कोणाची हा प्रश्न मात्र तोच आहे.

आपल्या भागात या प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप ऊसतोड मजुरांच्या मुलांबाबत दिसते. गळीत हंगामात बीड व अन्य दुष्काळी भागांतून कुटुंबे येथील कारखान्यांच्या परिसरात येतात. साखरशाळांतील मुलांचे अध्ययन, गळती, पोषण हे संशोधनाचे आवडते विषय आहेत. आईवडील पहाटेच फडात गेलेले असतात व रात्री परततात. संशोधक दुपारी बारा वाजता पोहोचतो आणि जे मोठे माणूस भेटेल त्याची सही घेतो. बहुधा ते मुकादम असतात. मुकादमाकडून कुटुंबाने उचल घेतलेली असते. त्याच्या सांगण्यावरून दिलेला होकार हा मोकळा होकार कसा म्हणावा? येथे संशोधकाने रात्री कोप्यांवर जावे, पालकांशी बोलावे, सही करता येत नसेल तर साक्षीदारासमक्ष अंगठा घ्यावा व मुकादमाला या संवादापासून दूर ठेवावे, याला पर्याय नाही. तेवढा वेळ नसेल तर तो विषय निवडू नये.

संमतीपत्राच्या भाषेकडेही थोडे थांबून पाहणे उचित ठरेल. आपल्याकडील बहुतेक पत्रांत ‘उपरोक्त संशोधनात माझ्या पाल्याचा समावेश करण्यास माझी कोणतीही हरकत नाही’ असे वाक्य असते. हे वाक्य सरकारी ना हरकत दाखल्यावरून उचललेले आहे. हरकत नसणे म्हणजे संमती असणे नव्हे. ज्याला काहीच समजलेले नाही त्याचीही हरकत नसते. संमतीसाठी पालकाला प्रथम समजले पाहिजे की कोण येणार आहे, मुलाला काय करावयास लावणार आहे, किती वेळ लागणार आहे, उत्तरे कोण पाहणार आहे, नाही म्हटले तर मुलाच्या गुणांवर किंवा शाळेतील वागणुकीवर काही परिणाम होणार आहे काय आणि मध्येच थांबावयाचे असल्यास कोणास सांगावयाचे. ही माहिती पानभर मजकुरात, पालक घरात बोलतात त्या भाषेत लिहिता येते. जत किंवा गडहिंग्लज तालुक्यातील कानडी बोलणाऱ्या घरात ती कानडीत जावी. चाचणीच्या प्रमाणीकरणावर सहा महिने घालविणाऱ्या संशोधकाने संमतीपत्राची पूर्वचाचणी दहा पालकांवर घेऊन पाहिल्यास त्याला बरेच काही शिकावयास मिळेल.

मुलाच्या स्वतःच्या होकाराविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वयानुसार स्पष्टता आहे. साधारण सात वर्षांपासून पुढे मुलाचा तोंडी होकार घ्यावा आणि बारा ते अठरा या वयात तो लेखी असावा, असे ती सांगतात. ही तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत. तथापि शैक्षणिक संशोधनासाठी तशीच सर्वमान्य राष्ट्रीय संहिता नसताना त्यांचा आधार घेण्यास प्रत्यवाय नाही. प्रत्यक्षात सर्वांत उपयोगी ठरते ती एक छोटी योजना. ज्यांना प्रश्नावली भरावयाची नाही त्यांच्यासाठी त्याच वेळी, त्याच वर्गात, दिसावयास तसाच असलेला दुसरा कागद ठेवावा; त्यावर शब्दकोडे किंवा चित्र असावे. नाही म्हणणारा मुलगा मग वर्गात उघडा पडत नाही.

संशोधक हाच अध्यापक

बी. एड्. चा अभ्यासक्रम २०१५-१६ पासून दोन वर्षांचा झाला, शालेय आंतरवासिता वाढली आणि कृतिसंशोधनही त्याबरोबर वाढले. छात्राध्यापक स्वतःच्याच वर्गावर उपक्रम करतो. यातील बराचसा भाग हा नेहमीच्या अध्यापनाचाच भाग असतो व त्यासाठी स्वतंत्र संमतीचा आग्रह धरणे अव्यवहार्य आहे. अमेरिकेच्या नियमांतही प्रचलित अध्यापन पद्धतींवरील संशोधनाला काही अटींवर सूट आहे. मात्र मुलांची वही तपासणे हे अध्यापन आणि त्या वहीतील चुका नावासह शोधनिबंधात छापणे हे संशोधन, ही सीमारेषा ओळखता आली पाहिजे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत त्यांनीच आपल्या विद्यार्थ्यांना ‘माझ्या संशोधनासाठी एवढी प्रश्नावली भरा’ असे सांगितल्यावर कोण नकार देईल? अलीकडे हे काम वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर गुगल फॉर्मचा दुवा टाकून होते व ‘अजून बारा जणांनी भरला नाही’ असे स्मरणपत्रही येते. सोयीचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकात ज्याचे वर्णन असते तो असा सोयीचा असतो. उपाय सोपा आहे. माहिती संकलन दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याने करावे, कोण सहभागी झाले याची यादी निकाल लागेपर्यंत त्यानेच ठेवावी आणि ईमेल पत्ते गोळा करण्याची सोय फॉर्ममध्ये बंद ठेवावी.

शिक्षक स्वतः सहभागी असतात तेव्हाही अशीच गफलत होते. मुख्याध्यापकांची नेतृत्वशैली व शिक्षकांचे कार्यसमाधान या विषयावरील प्रश्नावल्या मुख्याध्यापकांमार्फत वाटून त्यांच्याच टेबलावर गोळा केल्या जातात. त्यानंतर कार्यसमाधान उच्च आढळले तर त्यात नवल नाही. येथे नीतीतील दोष हा सरळ विश्वसनीयतेतील दोष ठरतो.

नियंत्रित गटाचे काय?

प्रायोगिक पद्धतीत एका गटाला नवा कार्यक्रम मिळतो व दुसऱ्याला मिळत नाही. कार्यक्रम उपयुक्त आहे असा संशोधकाचाच विश्वास असेल, तर दुसऱ्या गटाला त्यापासून दूर ठेवणे न्याय्य कसे? या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर मुंबईतील ‘बालसखी’ अभ्यासात मिळते. ‘प्रथम’ या संस्थेच्या या कार्यक्रमात वस्तीतीलच शिकलेली तरुणी महानगरपालिका शाळेतील मागे पडलेल्या पंधरा ते वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वाचन व गणिताची मूलभूत कौशल्ये शिकवीत असे. बॅनर्जी, कोल, डफलो व लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथे त्याचे मूल्यमापन केले. रचना अशी होती की कोणतीही शाळा पूर्णपणे वंचित राहू नये. एका शाळेत एका इयत्तेला बालसखी मिळाली तर दुसऱ्या शाळेत दुसऱ्या इयत्तेला, आणि तुलना या इयत्तांच्या आधारे करण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दुसऱ्या वर्षी सरासरी प्राप्तांकात ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली व तिचा मोठा वाटा तळाच्या मुलांचा होता. या रचनेने न्यायाचा प्रश्न पूर्ण सुटतो असे नाही. मुलांना वर्गातून उठवून वेगळे बसविल्याने त्यांच्यावर ‘कच्चे’ असा शिक्का बसतो काय, हा प्रश्न उरतोच. पण पैसा व माणसे अपुरी असताना कोणाला आधी द्यावयाचे हे ठरवावेच लागते, तेव्हा ते विचारपूर्वक ठरविता येते हे त्यातून दिसते.

एम. एड्. च्या पातळीवरील प्रयोग वीस-पंचवीस तासिकांचा असतो. तेथे उत्तरचाचणी झाल्यानंतर तोच कार्यक्रम नियंत्रित गटाला देणे सहज शक्य आहे. संशोधन आराखड्यातच तशी तारीख लिहून ठेवावी. अन्यथा उत्तरचाचणीच्या दुसऱ्या दिवसापासून संशोधक शाळेत दिसत नाही, हा मुख्याध्यापकांचा जुना अनुभव आहे.

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

‘आपली माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल’ हे वाक्य प्रत्येक प्रश्नावलीच्या माथ्यावर असते. खाली पहिला रकाना असतो नावाचा, दुसरा शाळेचा आणि तिसरा बहुधा जातीचा किंवा प्रवर्गाचा. जातीचे चल विश्लेषणात वापरावयाचे नसेल तर तो रकाना ठेवण्याचे कारण नाही. वापरावयाचे असेल तर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावा व क्रमांकांची यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवावी.

नाव गाळले म्हणजे ओळख लपली असेही नव्हे. गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यातील देवदासींचा प्रश्न १९७५ च्या गडहिंग्लज परिषदेपासून सार्वजनिक चर्चेत आहे. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ मध्ये झाला. देवदासींच्या मुलांच्या शिक्षणावर अभ्यास होणे गरजेचेच आहे. परंतु व्यक्तिअभ्यासात गावाचे नाव, इयत्ता, भावंडांची संख्या व आईचे वय एवढे तपशील दिले की त्या गावातील कोणालाही ती मुलगी कोण हे कळते. परक्या वाचकाला ओळख पटू नये एवढी काळजी पुरेशी नसते. शेजाऱ्यालाही ती पटता कामा नये. त्यासाठी तपशील गाळावे, दोन व्यक्तिअभ्यासांतील माहिती एकत्र करावी किंवा तालुक्याऐवजी विभागाचे नाव द्यावे, आणि तसे केल्याचे प्रबंधात नमूद करावे.

गोपनीयतेचे आश्वासन देताना कायद्याची मर्यादा सांगणेही आवश्यक आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्ञात झालेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षेची तरतूद आहे. संशोधक त्यास अपवाद नाही. किशोरवयीन मुलींच्या समस्यांवर मुलाखती घेणाऱ्या संशोधिकेने ‘तू सांगितलेले मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ते तिला पाळता येणार नाही. मुलाखतीपूर्वीच तिने ही अपवादाची बाब सोप्या शब्दांत सांगावी, १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक सोबत ठेवावा आणि अशी माहिती पुढे आल्यास प्रथम कोणाशी बोलावयाचे हे मार्गदर्शकाशी ठरवून मगच शाळेत जावे.

दिव्यांग विद्यार्थ्यांवरील संशोधनाबाबत तर कायदा अधिक स्पष्ट आहे व तितकाच दुर्लक्षित आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर ‘कोणतेही’ संशोधन करण्यासाठी तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त व माहितीपूर्ण संमती लागते. शिवाय शासनाने स्थापन केलेल्या संशोधन समितीची पूर्वपरवानगी लागते. त्या समितीचे किमान निम्मे सदस्य दिव्यांग व्यक्ती किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे सदस्य असावे लागतात. शब्द ‘कोणतेही’ असा आहे, केवळ वैद्यकीय नव्हे. कर्णबधिर विद्यालयातील मुलांचा शब्दसंग्रह मोजणाऱ्या लघुशोधप्रबंधालाही तो लागू होतो. सांकेतिक भाषेत समजावून न देता घेतलेली छापील सही येथे संमती ठरत नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अठरा वर्षांखालील बालकाच्या विदेसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. संशोधनासाठी त्यात विहित मानकांच्या अधीन सूट आहे, मात्र ती विदा त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरता येत नाही. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याची योजना आहे. नावासह प्राप्तांक मुख्याध्यापकांच्या हवाली करण्याची वर उल्लेखिलेली प्रथा या अटीत कशी बसते, याचा विचार मार्गदर्शकांनी आतापासूनच करावा.

महाविद्यालयाची समिती

वैद्यकीय महाविद्यालयांत नीती समिती असते. कला, वाणिज्य व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत ती क्वचितच आढळते. ती स्थापन करण्यास कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाच-सात जणांची समिती पुरेशी आहे. त्यात महाविद्यालयाबाहेरील एक व्यक्ती, एक वकील, एक महिला सदस्य, एखादे निवृत्त मुख्याध्यापक आणि ज्यांच्या मुलांवर संशोधन होते अशा पालकांपैकी एक जण असावा. शेवटचा सदस्य मिळविणे कठीण जाते आणि तोच सर्वांत उपयोगी प्रश्न विचारतो. सत्रातून दोन बैठकांत बहुतेक प्रस्ताव पाहून होतात. प्रचलित अध्यापनावरील साधे प्रस्ताव अध्यक्षांनी एकट्याने पाहिले तरी चालेल. प्राचार्यांनी अध्यक्षपद घेऊ नये, कारण आपल्याच महाविद्यालयाचे प्रस्ताव वेळेत मार्गी लागावेत हा त्यांचा रास्त दबाव असतो. समितीने ‘नीतितत्त्वांचे पालन केले जाईल’ अशा वाक्यावर समाधान मानू नये. पालकाला दिले जाणारे पत्र, मुलाशी बोलावयाचे शब्द आणि नकार देणाऱ्या मुलासाठीची सोय या तीन गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. समिती केवळ कागद पुरे करणारी आणखी एक खिडकी होण्याचा धोका आहेच, आणि तो टाळण्यासाठी वर्षातून एकदा तरी एखाद्या सदस्याने माहिती संकलनाच्या वेळी शाळेत जाऊन बसावे.

अखेरीस जुन्या प्रबंधांचा एक प्रश्न राहतो. मराठी प्रबंधांच्या परिशिष्टांत नमुन्यातील विद्यार्थ्यांची नावनिशीवार यादी, भरलेल्या उत्तरपत्रिकांचे नमुने आणि चाचणी देत असलेल्या मुलांची छायाचित्रे जोडण्याची प्रथा आहे. काम खरोखर केले याचा तो पुरावा मानला जातो. प्रबंधाच्या चार-पाच प्रती ग्रंथालयाच्या कपाटात राहत होत्या तोपर्यंत त्याचे कोणास काही वाटले नाही. शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात पीएच. डी. चे प्रबंध येऊ लागल्यापासून तीच परिशिष्टे जगात कोठूनही उघडता येतात. ‘निम्नसंपादणूक गट’ या शीर्षकाखाली ज्याचे पूर्ण नाव व शाळा छापली आहे तो मुलगा आज नोकरीच्या शोधात असेल. मार्गदर्शकांनी आपल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध एकदा उघडून पाहावेत आणि अशी पाने आढळल्यास ती झाकून सुधारित प्रत ठेवण्याची लेखी विनंती विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे करावी. नव्या प्रबंधांत पुराव्यासाठी शाळेचा दाखला व मूळ कागद मार्गदर्शकाकडे ठराविक मुदतीपर्यंत जपून ठेवल्याचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे, असा ठराव अभ्यासमंडळात मांडता येईल.